उजळलेलं कुरण

१

"माझ्या भिंतीवरचं चित्र चोरीला गेलंय," कप्तान दारात उभे राहून म्हणाले, "आणि ते अजून भिंतीवरच आहे."

विमाताईंनी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायांकडे. दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. घाईघाईनं जिना उतरून आलेला माणूस असं करू शकतो. दुसरंही एक कारण असू शकतं, पण ते त्यांनी तूर्त मनाच्या कोपऱ्यात सारलं.

विमाताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांची उभी हयात विमा कंपनीत गेली होती. कुणाचं गोदाम जळालं, कुणाचं कपाट फुटलं, की दावा खरा की बनाव हे शोधून काढायला यांना पाठवायचे. इमारतीत कुणीतरी थट्टेनं विमाताई म्हटलं आणि ते असं चिकटलं की खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही शोधायला सांगितलं नव्हतं. फार तर एखादं मांजर.

कप्तानही कप्तान नव्हतेच. जहाजावर ते इंजिनखोलीत असत, म्हणजे जहाजाच्या पोटात, जिथे खिडकीसुद्धा नसते. पण जहाजावरून आलेला म्हणजे कप्तान, असं इमारतीनं ठरवून टाकलं, आणि बारकावे सांगत कोण बसणार?

त्यांच्या घरात पाऊल टाकलं की माणूस एकदम कुरणात जायचा. जुन्या कॅलेंडरांवरची चित्रं, खालच्या तारखा कापून, चौकटीत बसवून भिंतभर लावलेली. गवताच्या गंजी, पाणचक्क्या, ओढ्यावर वाकलेली झाडं, मेंढ्यांच्या मागून चाललेला एकटा धनगर. जुना बाजार पालथा घालून कप्तानांनी ती एकेक करून जमवली होती. हिरवळ एवढी, पण घरात कुंडी मात्र एकही नव्हती.

जेवणाच्या टेबलाच्या वर टांगलेल्या चित्रात काही गाई गवतात बसल्या होत्या. लांबच्या टेकडीवरून एक रस्ता वळणं घेत खाली येत होता आणि कोपऱ्यातल्या लाल छपराच्या घरापाशी संपत होता.

"हे माझं नाही," कप्तान म्हणाले. "माझं पिवळट होतं, मळकं. शिवाय त्याला किड्यानं बारीक बारीक भोकं पाडली होती. हे बघा, कोरं करकरीत. चौकट माझी, काच माझी, आतला कागद दुसऱ्याचा."

"चित्र मात्र तेच?"

"हुबेहूब तेच."

"म्हणजे चोरानं खराब माल नेला आणि चांगला ठेवून गेला?"

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. पोलिसांकडे गेलो असतो तर त्यांनी पाठीवर हात ठेवून घरी आणून सोडलं असतं."

विमाताईंना हसू आलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक बाई हात पुसत बाहेर आली. कप्तानांची मुलगी. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"काकू, तुम्हालाही वर आणलं का यांनी?"

२

मुलीनं त्यांना गॅलरीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय मध्ये. साखर वाढली म्हणून चार दिवस ठेवून घेतलं होतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पडदा निघाला की रंग उजळ दिसतात. तेच झालंय. पण ऐकतील तर शपथ! मागे गॅस चालू ठेवून फिरायला गेले. वेगवेगळ्या चपला घालून बाजारात जातात. आता हे चित्राचं खूळ." तिचा आवाज खाली आला. "मी एक जागा बघून ठेवलीय. चांगली आहे हो, बाग आहे, नर्स असतात. मला रोज इथे धावायला जमत नाही, आणि रोज धास्ती घेऊन झोपताही येत नाही. दादा रविवारी येतोय, तेव्हा ठरवून टाकू. तेवढं तुम्ही त्यांच्या हो ला हो करू नका."

मुलगी वाईट नव्हती. दमली होती. दोन्हींत फरक करायला विमाताई नोकरीत शिकल्या होत्या.

आत आल्यावर त्यांनी कप्तानांना सरळच विचारलं, "डोळ्यांमुळे उजळ वाटत असेल का?"

"डोळ्यांमुळे असतं तर सगळ्याच गाई उजळल्या असत्या," कप्तान म्हणाले. "बाकीच्या बघा. जशा पिवळ्या होत्या तशाच आहेत."

भ्रमिष्ट माणूस असं बोलत नाही. विमाताईंनी खुर्ची ओढली, चौकट उतरवली आणि टेबलावर पालथी घातली. शेजारची दोन चित्रंही उतरवून तिच्या बाजूला ठेवली. त्या दोन्हींच्या पाठीवर चिकटवलेली कागदी पट्टी वाळून तडकली होती आणि तिच्या कडेला धूळ बसली होती. गाईंच्या चित्राची पट्टी ताजी होती. ती हलक्या हातानं सोडवली तर खालच्या खिळ्यांच्या डोक्यांवर चकाकते ओरखडे.

"उघडलंय," त्या म्हणाल्या. "कुणीतरी खिळे काढलेत आणि परत ठोकलेत."

कप्तानांनी मोठा श्वास सोडला. मुलगी मात्र हाताची घडी घालून तशीच उभी राहिली.

"कुणीतरी म्हणजे कोण, काकू? घरात राहतं कोण? बाबांनीच उघडलं असणार. आणि विसरले."

ज्याला वाचवायला पुरावा शोधला, तो त्याच्याच गळ्याशी आला होता.

३

नुसतं चित्र बदललंय एवढ्यानं आता भागणार नव्हतं. कुणी बदललं ते रविवारच्या आत सांगायला हवं होतं.

कप्तान दवाखान्यात होते तेव्हाच हे झालं असणार. त्या दिवसांत घराची किल्ली मुलीकडे होती, मुलाकडे होती आणि कामाच्या बाईंकडे होती.

"मी काचेवरून फडकं मारते, ताई," कामाच्या बाई म्हणाल्या. "आत काय चाललंय ते मी कशाला बघू? गाई आहेत एवढं माहीत. त्यांचं शेण काढायला लागत नाही, तेवढंच नशीब."

"तेव्हा घरी कोण कोण आलं होतं?"

"मुलगा होता ना राहायला. दिवसभर दवाखान्यात, झोपायला इथे. आणि ती सजावटवाली बाई आली होती. तिला मीच दार उघडलं. मी मागे भांडी घासत होते, ती बाहेर एकटीच होती बराच वेळ. गाईंच्या चित्रासमोरच उभी होती, मी बघितलं ना."

विमाताईंनी मुलाला फोन लावला. तो दुसऱ्या शहरात राहायचा, वर्षातून दोनेकदा यायचा. त्याचा आवाज थेट कप्तानांसारखा होता, फक्त घाईतला.

"हां, बोला काकू. अहो, त्या रस्त्याच्या चित्राचं एवढं काय घेऊन बसलेत बाबा? डोळे नवीन आहेत, वाटत असेल तसं."

"तुम्ही तिथे होतात तेव्हा काही वेगळं जाणवलं?"

"मी दवाखान्यातच होतो हो सगळा वेळ." मग जरा थांबून, "ताणतायत का फार ते?"

"ताणतायत. तुमच्या बहिणीला वाटतंय, त्यांना भास होतायत. म्हणून तर रविवारी ती जागा ठरवायची चाललीय."

"कसली जागा?"

विमाताई चपापल्या. याला सांगितलेलंच नाही तर.

"तिनं मला फक्त ये म्हटलंय," तो म्हणाला. "काकू, कसली जागा?"

"ते तुम्ही तिलाच विचारा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आणि ठेवल्यावर त्यांना उगाच वाटत राहिलं की या दोन मिनिटांत कानावरून काहीतरी गेलं, आणि ते आपण उचललं नाही.

त्या दिवसांत दुपारी त्या वर गेल्या की टेबलावर दोन कप मांडलेले असत. तपासापेक्षा चहाच जास्त होत होता. हे दोघांनाही कळत होतं आणि दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते.

"कुरणंच का?" एकदा त्यांनी विचारलं. "जन्म समुद्रावर गेला तुमचा."

"समुद्र बघितलाय कुणी? आम्ही खाली. दिवस काय, रात्र काय, सारखाच दिवा. भिंतीला कुणीतरी कॅलेंडर लावलेलं असायचं. गवत, गाई. महिना संपला तरी आम्ही पान उलटत नव्हतो. पुढच्या महिन्यात बर्फ असायचा." कप्तानांनी कप फिरवला. "घरी जायचो तेव्हा मुलगा दारात उभा असायचा. मला 'या' म्हणायचा. पाहुण्याला म्हणतात ना, तसं."

४

सजावटवाल्या बाईंचं दुकान म्हणजे दुसऱ्यांच्या घरांतून उतरवलेल्या वस्तूंचं माहेरघर होतं. आरसे, दिवे, पितळी कड्या, आणि एका पूर्ण भिंतीवर जुन्या कॅलेंडरांची चित्रं.

"हल्ली हेच लागतं लोकांना," बाई म्हणाल्या. "पलंगावर एक ओढा, जेवणाच्या खोलीत एक कुरण. सगळे राहतात दहाव्या मजल्यावर, पण डोळ्यांपुढे गवत हवं. तेही पिवळं पडलेलं. कोरं दिसलं की म्हणतात, कालच छापून आणलंय."

"म्हणजे पिवळ्याला मागणी जास्त."

बाईंच्या लक्षात आलं. "अहो, मी कप्तानांकडे सगळी भिंतच मागितली होती. ते म्हणाले, मी मेल्यावर. त्या दिवशी त्यांच्यासाठी माझा पत्ता ठेवायला गेले होते. ते दवाखान्यात असतात हे मला काय माहीत? गाईंच्या चित्रासमोर उभी होते, कबूल. तेवढंच एक वेगळं वाटलं. आधी मी त्याचा फोटो काढला होता तेव्हा ते एवढं ताजं नव्हतं."

विमाताईंचा हात पर्सवरच थांबला. "तुम्ही गेलात तेव्हा ते आधीच बदललेलं होतं?"

"बदललेलं होतं का? मला वाटलं, साफ करून घेतलंय. तशी मला त्या चित्रात गोडी नव्हतीच. जुनं विकलं जातं हो, किडलेलं नाही. गाईंना सोडून किड्यानं नेमकं मधलंच खाल्लं होतं."

"फोटो आहे?"

बाईंनी फोनवर शोधून काढला. त्यांच्या यादीसाठी त्यांनी कप्तानांची सगळी भिंत टिपून ठेवली होती. विमाताईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्यावरचं चित्र बोटांनी मोठं केलं. जुनं पिवळट कुरण. भोकं होती, खरंच होती. टेकडीपाशी विरळ, घराजवळ दाटीवाटीनं. आकाशात एकही नाही. गवतात एकही नाही. गाईंच्या अंगाला एकही नाही.

"याची एक प्रत कागदावर काढून द्याल?" विमाताई म्हणाल्या, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "किडा कधी रस्त्यानं चालतो का?"

५

"हे कुठल्या दुकानातून घेतलं होतं?" त्यांनी त्याच दुपारी कप्तानांना विचारलं.

"जुन्या बाजारातून. सगळी तिथलीच." मग ते थबकले. "नाही, हे नाही. हे घरातच मिळालं. ही गेल्यावर तिची ट्रंक आवरत होतो, तर चादरीखाली गुंडाळी. म्हटलं, हिलाही आपल्यासारखीच आवड होती की काय."

"कुणाला विचारलं नाहीत?"

"कुणाला विचारणार? ती गेलेली."

विमाताईंनी चहा संपवला. रविवारपर्यंत त्या यावर एक अक्षर बोलल्या नाहीत.

रविवारी सगळे टेबलाभोवती बसले. मुलगा कप्तानांसारखाच रुंद खांद्यांचा होता आणि बापाच्या नजरेला नजर न देता बसला होता. बहीणभावांत आधीच खटका उडालेला दिसत होता. जागेवरूनच असणार.

"काकू, हा घरातला विषय आहे," मुलगी म्हणाली.

"आहेच. माझं काम झालं की मी उठते. आधी एक सांगा, हे चित्र कशाचं आहे?"

"गाईंचं. कशाचं असणार?"

"कामाच्या बाईही गाईंचं म्हणतात. सजावटवाल्या बाईही. कप्तानही." त्या मुलाकडे वळल्या. "फोनवर तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

मुलगा दाराकडे पाहू लागला.

"तुम्ही म्हणालात, रस्त्याचं चित्र. तेव्हा मला कळलं नाही. ऐकलं फक्त." त्यांनी पर्समधून कागदावर काढून घेतलेला फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. "मला पहिल्यापासून एकच कोडं होतं. वाईट नेऊन चांगलं कोण ठेवेल? कामाच्या बाई असं दुसरं चित्र कुठून शोधून आणतील? आणि कशाला? सजावटवालीला विकायलाच हवं असतं, तर तिनं भोकं नसलेलं एखादं पिवळं उचललं असतं. भिंत भरलीय त्यांनी."

"आणि मी?" मुलीनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"बाबा विसरतात हे तुम्हाला दाखवायचं असतं, तर चौकट उघडून त्यांचं म्हणणं खरं ठरेल असं काही तुम्ही केलं नसतं. तुम्ही मनापासून मानत होतात की चित्र तेच आहे." विमाताईंनी फोटोवर बोट ठेवलं. "इथे बघा. भोकं आहेत ती फक्त रस्त्यावर. किडा असता तर आकाशही खाल्लं असतं. ही टाचणीची आहेत. हे चित्र तुमच्या घरातलं, तुमच्या आईनं जपून ठेवलेलं. या घरात कुणीतरी टेकडीपासून घरापर्यंत टाचणी चालवत आणलीय. चोरानं चित्र नेलंच नाही. त्यानं भोकं नेली. आणि ऑपरेशनचा मुहूर्त साधला, म्हणजे रंग उजळला तरी दोष डोळ्यांवर जाईल."

 मग मुलगा उठला, दाराशी ठेवलेल्या बॅगेतून पुठ्ठ्याची नळी घेऊन आला आणि तिच्यातला कागद त्यानं बापासमोर उलगडला. पिवळट, मळका, ठिकठिकाणी टोचलेला.

"जहाज परत निघाल्याचं कळलं की आई हे भिंतीवर लावायची," तो म्हणाला. "रोज संध्याकाळी विचारायची, आज बाबा कुठवर आले? मग मी टाचणी थोडी पुढे टोचायचो."

"मला कधी सांगितलं नाहीस," बहीण म्हणाली.

"तू पाळण्यात होतीस गं."

कप्तानांनी चष्मा लावला आणि रस्त्यावरून बोट फिरवत खाली आले. "इथे घराजवळ एवढी गर्दी का?"

"जहाज लांबायचं ना. टाचणीला पुढे जागाच उरायची नाही. मग तिथल्या तिथेच टोचत बसायचो."

"मागितलं असतंस तर दिलं नसतं का मी?"

"तुम्ही विचारलं असतं, कशाला." मुलानं गुंडाळू पाहणारी कागदाची कड दाबून धरली. "मग सांगावं लागलं असतं, तुमची वाट बघायचो म्हणून. आधी ते भिंतीवर दिसलं तेव्हा वाटलं, तुम्हाला कळलंच असेल. तुम्ही म्हणालात, किड्यानं खाल्लंय. मग मी दुसरं शोधत फिरलो. मिळालं तेव्हा म्हटलं, यांना काय, गाई असल्या म्हणजे झालं. तुमचं असं काही होईल हे डोक्यातही आलं नाही. फोन आला त्या दिवसापासून झोप नाही मला."

कप्तानांचं बोट लाल छपराच्या घरापाशी थांबलं होतं.

"दारात एकही नाही," ते म्हणाले.

"तुम्ही आलात की आई टाचणी काढून ठेवायची. मग तुम्ही घरातच असायचात."

 मग कप्तानांनी चष्मा काढला आणि मुलीकडे पाहिलं. "गॅस मीच चालू ठेवला होता. चपलांचंही खरं आहे. ते मी नाकारत नाही. पण चित्र बदललं होतं."

"हो बाबा," ती म्हणाली. "बदललं होतं." आणि ती रडायला लागली.

विमाताई उठल्या. नोकरीतही त्यांचा हाच शिरस्ता होता. दाव्याचा निकाल लागला की माणसं रडायच्या आत आपण जिन्यात असायचं. आज थोडा उशीर झाला होता. त्या निघाल्या, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तशा त्यांनी चपला घातल्या, बिस्किटांचा पुडा घेतला आणि जिना चढल्या. अर्ध्यावर आल्यावर त्यांना आठवलं की आता वर जायला काही कारण नाही. तरी इतकं चढलोय तर, म्हणून त्या दारापर्यंत गेल्या.

आतून हातोडीचा आवाज येत होता.

"डावीकडून खाली घे."

"माझ्या डावीकडून का तुमच्या?"

"चित्राच्या!"

"चित्राला डावी बाजू असते होय?"

"असते. टेकडीची बाजू. अरे, तिकडे नाही, किती वाकडं धरलंयस! तुझी आई बरी लावायची."

"बाबा, तुम्ही खुर्चीवरून उतरा आधी. पडाल आणि मग धाकटी मला धरेल."

"तीच ओरडून गेलीय सकाळी. जागेचं म्हणे पुढे बघू, पण गॅसला बटण बसवायचं, आपोआप बंद होणारं. ते कुठे मिळतं बघ आज. आणि अजून जरा वर. जरा. थांब, जास्त झालं."

बेलच्या बटणापाशी गेलेला हात विमाताईंनी मागे घेतला. आत दोन सारखेच आवाज एकमेकांना दटावत होते. त्यात तिसऱ्या आवाजाला जागा नव्हती, आणि आज असायलाही नको होती. त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं आणि लावलं.

हातोडीचे दोन घाव पडले. मग शांतता. मग कप्तान म्हणाले, "हां. आता सरळ आहे."

ते ऐकल्यावर विमाताई खाली आल्या.